मांडवीतले बर्फाचे बूट

आमच्या दुकानात गिऱ्हाईक बेताचं आणि किस्से भरमसाट. चूक माझीच. काही हिवाळे गुलमर्गला स्कीइंगवाल्यांना बूट बसवून द्यायचं काम केलं, मग वडिलांच्या बायपासमुळे परत आलो, आणि जिथे नवरदेव सोडला तर कोणी बुटाच्या वाटेला जात नाही त्या रत्नागिरीत पायांची मापं घ्यायचं दुकान काढलं. पाय सरळ पडतो का बघायचं, नसेल पडत तर बुटात किंवा चपलेत पाचर घालून द्यायची. किस्से नाही साठणार तर काय!

मुलगा काश्मिरात काय करायचा, असं कोणी विचारलं की आई सरळ सांगते, "लोकांच्या पायात बूट घालायचा. इंजिनियर आहे ना."

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हेदवीचे अप्पा, आंब्याचे बागायतदार. गुडघा दुखतो म्हणून आले. गवंडी भिंतीला लावतो तसा ओळंबा मी त्यांच्या गुडघ्यावरून सोडला आणि सांगितलं की डावा पाय किंचित आखूड आहे. अप्पा भडकले. आमच्या घराण्यात आजवर कोणाचा पाय आखूड निघाला नाही, तुझा ओळंबा तपासून घे म्हणाले. चपलेला पाचर मात्र लावून घेतली.

महिन्याभराने पुन्हा हजर. गुडघा एकदम बरा होता, तक्रार वेगळीच होती. "आता सरळ उभा राहिलो की शेजाऱ्याचा हद्दीवरचा दगडी गडगा माझ्या बागेत आलेला दिसतो."

जमिनीच्या मोजणीचा अर्ज देऊनच दुकानात आले होते.

*

सायली रत्नागिरीतल्या आमच्या मांडवीतलीच, शाळेत पीटी शिकवते. स्कीइंगचे पहिले कोर्स तिने झोकात केले, पण ज्याच्यानंतर दुसऱ्यांना शिकवता येतं त्या कोर्सात गेल्या वर्षी नापास झाली. गुडघे किंचित आत वळलेले, त्यामुळे सरळ जायला गेली तरी स्की एकमेकींवर चढायच्या. यंदा पुन्हा जायचं होतं. तिच्या आईने, म्हणजे मंदाकाकूंनी, अट घातली: आधी राजापूरचं स्थळ येऊन बघून जाईल. त्यांचा होकार आला तर बर्फ कायमचा बंद.

सायलीचे बाबा बोटीवर असतात. त्यांनी कुठल्याशा बंदरातून लेकीसाठी स्कीचे बूट पाठवले. फर्स्ट क्लास बूट, फक्त दोन नंबर मोठे. मी फोनवर कारण विचारलं.

"वाढत्या अंगाचे घेतले," म्हणाले.

सायलीची पंचविशी उलटली आहे.

*

स्कीचा बूट घट्टच लागतो. सैल असला तर पाय एकीकडे वळतो आणि स्की भलतीकडे. गुलमर्गच्या जुन्या दुकानातून मी तिच्या मापाचा जोड मागवला, तर मंदाकाकू म्हणाल्या, हा बूट आहे की उसाचा चरक?

त्या बुटाच्या आतलं मऊ अस्तर गरम करून पायावर बसवावं लागतं. त्याचं मशीन रत्नागिरीत कुठून असणार? आम्ही बेकरीवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी अस्तर उलटंपालटं करून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "पावाइतकं तापवू की नानकटाईइतकं?"

नानकटाईइतकं तापवलं. बसलं झकास. पण नानकटाईच्या वासाने काकूंच्या मांजराने त्या बुटांजवळचा मुक्काम सोडला नाही.

*

आता मुख्य गोष्ट.

स्थळ दुपारी यायचं होतं, म्हणून मी सकाळीच सायलीच्या पडवीत बसलो होतो. घरात बूट न्यायला काकूंची बंदी. तिच्या पायात बूट चढवून, गुडघ्यावरून ओळंबा सोडून, बुटाच्या तळाला आतल्या बाजूने पाचर स्क्रूने बसवत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती आणि सायलीचा जीव टांगणीला लागलेला. मंडळी बरी निघाली तर पंचाईत, वाईट निघाली तरी आईचं तोंड उतरणार. ती हे सगळं मलाच ऐकवत होती, जसा काही मीच तो मुलगा.

तेवढ्यात मंडळी फाटकात. मुलगा, त्याची आई आणि आत्या. कोणाची तरी गाडी मिळाली म्हणून लवकर निघालो, म्हणाले. सायलीने बूट काढायला घेतले, पण उकाड्याने पाय सुजलेले. मी ओढतोय, ती ओढत्ये, बूट ढिम्म हलेना. शेवटी ती साडीऐवजी ट्रॅकपँटवर आणि पायात ते बूट, अशीच खुर्चीत बसली.

पोहे आले. मुलगा बिचारा बुटांकडेच बघत होता, त्याला ते आवडलेले दिसले. आत्या मात्र जुन्या वळणाच्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"जरा चालून दाखव गो."

सायली उठली. स्कीच्या बुटात माणूस चालत नाही, कपाट सरकवल्यासारखा पुढे जातो. खाड खाड करत ती पडवीच्या टोकाला गेली आणि तशीच परत आली. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

आत्यांनी काकूंकडे वळून विचारलं, "पायात दोष आहे काय?"

मंदाकाकूंनी हे स्थळ यावं म्हणून वर्षभर खटपट केली होती. त्या पदराला हात पुसत दारातून पडवीत आल्या. लेकीकडे पाहिलं. मग बुटांकडे.

"आहे," काकू म्हणाल्या. "गुडघे आत आहेत तिचे. पाचर घातल्ये, आता बरोबर होईल. उद्या गुलमर्गला जात्ये ती. पोहे घ्या, गार होतायत."

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डावा बूट आवाज करतोय रे. निघायच्या आधी तेवढा बघ."