गालाला गार लागणारा माठ

ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली वस्तू कुणीतरी विसरलेली असते, अशी माझी समजूत होती. म्हणून मामांच्या कामाच्या खोलीत, कोपऱ्यात, गोणपाट पांघरून बसलेला मोठा माठ मी उचलला आणि अंगणात भर उन्हात नेऊन ठेवला. वाळायचाच आहे, तर बिचारा लवकर वाळू दे. दुपारी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर काठापासून पोटापर्यंत बोट जाईल एवढी भेग.

मामींनी भेगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक माठ फुटला," त्या म्हणाल्या, "दुसरा शाबूत आहे."

मामा काहीच बोलले नाहीत. नोकरीसाठी मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आलो, तेव्हापासून एवढं कळलं होतं की मामा ओरडले तर काळजी नाही, गप्प झाले तर जेवण खाली मान घालून उरकावं.

माठ कुणासाठी होता ते मामींनी भाजी निवडता निवडता सांगितलं. मामांची धाकटी नर्स झाली होती. पहिली नोकरी लांबच्या, कडक उन्हाळ्याच्या गावी. पत्र्याखालची खोली. गादी, बादली, पंखा सगळं तिकडेच घेईन म्हणाली, माठ मात्र बाबांच्या हातचा हवा. बाबांचा उजवा खांदा तर असा धरलेला, की हात कानाच्या वर जायला तयार नाही. डॉक्टरांनी चाक बंद करायला सांगितलेलं. हा शेवटचा, असं म्हणून त्यांनी तो थांबत थांबत घडवला होता, आणि त्याला ऊन दाखवायची दुर्बुद्धी मला झाली.

संध्याकाळी मामांनी माठाचे तुकडे टाकीतल्या पाण्यात सोडले. भट्टीत जात नाही तोवर माती रुसत नाही, पाणी पाजलं की पुन्हा येते कामाला. दोन दिवसांनी ती तुडवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि मामा समोर स्टुलावर. तिथे ते पहिल्यांदा बोलले.

"काठ पातळ, त्याला वारा लागतो. त्याचं पाणी आधी उडतं, तो आक्रसतो. पोट जाड, ते ओलंच. काठ म्हणतो चला, पोट म्हणतं थांबा. फुटणार नाही तर काय होईल? गोणपाट असतं ते काठाला जरा दमानं घे म्हणून सांगायला."

मी दमानं माती तुडवू लागलो.

दुसरा माठ एक माप लहान झाला. मामा चाकावर बसले तेव्हा धाकटी मागे उभी राहून गरम फडक्यानं त्यांचा खांदा शेकत होती. "नर्स घरातच असली की बरं असतं," एवढंच ते म्हणाले, आणि पुढे दोघंही चाकाकडेच बघत राहिले.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता दमटपणा. माठ वाळेना. हवेचंच पोट भरलंय, मामा म्हणाले, ती आपलं पाणी कुठे ठेवणार? रोज सकाळी ते गोणपाट बाजूला करून माठाला गाल लावायचे, आजारी पोराला लावावा तसा. गार लागला की परत पांघरूण. पाणी जातं ते रिकाम्या हातानं जात नाही, थोडी ऊब घेऊन जातं, म्हणून गार लागलं की समजायचं, अजून निघतंय. तळ्यावरून, झाडाच्या पानांवरून, आपल्या कपाळावरून सगळीकडून असंच निघतं आणि वर जाऊन ढग होतं.

"आणि येऊन बसतं आपल्याच डोक्यावर," मामी म्हणाल्या. त्यांच्या हातात दोरीवरून काढलेल्या दमट चादरी होत्या.

निघायचा दिवस उद्यावर आला. आता भाजून टाकू या, असं मी सुचवलं. मामांनी मान हलवली. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होईल आणि माठ फुटेल. तिसरा घडवायची ताकद आता खांद्यात नव्हती. ते धाकटीला म्हणाले, बाजारातून एखादा घेऊन जा, पाणी त्यातही राहतं.

धाकटी माठाजवळ बसली आणि तिनं गाल लावला. बराच वेळ लावला.

"गार आहे," ती म्हणाली. मग उठून हॉस्पिटलात फोन केला आणि चार दिवस मागून घेतले.

त्या रात्री वारा सुटला. तिसऱ्या सकाळी मामांनी गाल लावला, मामींना लावायला सांगितला, आणि चक्क मलाही. गार नव्हता. माठ भट्टीतून बाहेर आला तो लालबुंद, टिचकी मारली की खणखणीत. पाणी भरलं. थोड्या वेळानं त्याच्या अंगावर बारीक ओल दिसू लागली. गळतोय की काय म्हणून मी पुसायला फडकं उचललं, तर मामांनी मनगट धरलं. तो घाम आहे, राहू दे. घाम वाळतो म्हणून तर आतलं पाणी गार राहतं.

धाकटी बसमध्ये माठ रजईत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. बॅग वर टाकली होती, तिच्याकडे लक्ष नव्हतं. बस वळली, आणि आम्ही घरी आलो.

मामा कामाच्या खोलीत स्टुलावर बसून गोणपाटाची घडी घालत होते. घडी झाली तरी घालतच होते. मी जवळ गेलो.

"मामा, डोळे ओले झालेत तुमचे."

"वाळतील, तू मला उन्हात नेऊन ठेवू नकोस."