मुकी साईट

“भावाला सांगा ना भरायला,” सर फोनवर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

नंदुरबारच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे, सर तिथले प्रमुख. वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी ती नीट चालते का, हे तपासणं माझं काम. आम्ही शिक्षक भरतीचं पोर्टल बनवलं होतं. फोनवर विसरवाडीजवळच्या कल्पनाताई होत्या. बी.एड. झालेल्या, जन्मापासून दृष्टी नाही. शेवटची तारीख चार दिवसांवर.

फोन मी घेतला.

“मांगे भावनीच फॉर्म भरा व्हता,” त्या म्हणाल्या. “दिव्यांगना रकानामा ‘नाही’ दाबी दिधं. मन्हं आरक्षण गयं. आते मीच भरसू.”

मी त्यांना ऑफिसात बोलावलं. दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या, एकट्या. त्यांच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं अ‍ॅप. आमचं पान उघडलं. फोन बोलू लागला : “बटन. बटन. रकाना. बटन.” कशाचं बटन, कोणता रकाना, पत्ता नाही. प्रत्येक रकान्याला कोडमध्ये नाव द्यायचं असतं. ते आम्ही दिलंच नव्हतं. पुढे वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा, तो ऐकायची सोय नाही. तोवर दहा मिनिटं झाली, सेशन संपलं, पुन्हा पहिलं पान.

असं तीनदा झालं.

“ताई, मन्हा फोनमा बँक बोलस, एसटीनं तिकीट बोलस,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमनीच साईट मुकी शे.”

मान खाली गेली. टेस्ट रिपोर्टवर ‘दिव्यांगांना वापरता येते’ या ओळीपुढे सही माझीच होती. आपोआप तपासणाऱ्या एका टूलने हिरवा, म्हणजे ‘पास’चा, आकडा दाखवला आणि मी मोकळी झाले होते.

तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

“फेज टूमध्ये बघू,” सर म्हणाले. म्हणजे पुढच्या टप्प्यात, शेवटची तारीख उलटून गेल्यावर.

“सर, हे दिव्यांग हक्क कायद्यात आहे. आपल्या कॉन्ट्रॅक्टमध्येही आहे.”

“अगं, नंदुरबारात असे किती जण फॉर्म भरणार?”

“एक बाहेर बसल्यात. त्यांना तुम्हीच सांगा.”

सर खुर्चीतून उठले नाहीत.

मग ज्यांचं पोर्टल होतं त्या कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना मी मेल टाकला : माझा रिपोर्ट चुकीचा आहे, सही मागे घेते. सरांना कॉपी. पाच मिनिटांत आरडाओरडा. “कंपनी बुडवायला निघालीस का?” तासाभरात अधिकाऱ्यांचा फोन आला आणि फेज टूचं काम दीड दिवसात झालं. दीड दिवसात! रकान्यांना नावं दिली, कॅप्चा काढून ओटीपी घातला, सेशनची वेळ वाढवली. एवढ्यासाठी एका शिकलेल्या बाईचा अर्ज राहणार होता.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कल्पनाताईंचा फोन आला. “भरी दिधा. कोनलेच इचारं नई.”

पुढच्या प्रोजेक्टमधून सरांनी मला वगळलं. कारण विचारलं, तर म्हणाले, “तू फार खोलात जातेस.” हल्ली मी माऊस बाजूला ठेवते, स्क्रीन बंद करते आणि अख्खा फॉर्म कानांनी भरून बघते. बऱ्याच साईट्स पहिल्याच पानावर नापास होतात. त्यांच्या रिपोर्टवर सगळं हिरवंच असतं.