तवा बघ

आई कोरेगावात एकटी राहते, मी सांगलीत. सकाळी माझ्याकडे डब्यांची घाई असते आणि नेमका तेव्हाच तिचा फोन येतो. त्या दिवशीही मोबाइल कान आणि खांद्यात दाबून मी चपात्या लाटत होते. उजवं मनगट लय दुखतंय, धिरडं उलटता येत नाही, असं ती सांगत होती. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तिच्या बोलण्यातलं शेवटचं एवढंच कानावर पडलं, "तवा बघ."

मला हायसंच वाटलं. दुखण्याचं म्हटलं की दवाखाना आला, दवाखाना म्हटला की रजा, आणि रजा म्हटली की साहेबांचं तोंड. तवा काय, बाजारात मिळतो. शिवाय आईचा जुना बिडाचा तवा आहेच तसा, उचलायला पैलवान पाहिजे.

संध्याकाळी गणपती पेठेत भांड्यांच्या दुकानात ठाण मांडलं. लोखंडी गंजतो, स्टीलला चिकटतं, हा जड, त्याचा दांडा तापणार. प्रत्येक तवा मनगटावर तोलून बघितला. लोक मुलीला स्थळसुद्धा एवढं पारखून बघत नाहीत, असं दुकानदार म्हणालाच. शेवटी हलका नॉनस्टिक घेतला, सोबत लाकडी उलथनं, आणि कोरेगावला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती पाठवून दिला. आईचं किती करते मी, असंही वाटलं. आता लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं.

नंतरच्या फोनवर ती तव्याचं नावच काढीना. चांगला आहे म्हणायला काय जातं? महिन्याभराने सुट्टी मिळाली, तेव्हा तो राग घेऊनच गेले.

नवा तवा खोक्यातच फळीवर होता. आई गॅसपुढे उभी राहून बिडाच्या तव्यावरचं धिरडं डाव्या हाताने उलटत होती. ते फाटलं. उजवं मनगट सुजलेलं, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. एवढा चांगला तवा का काढला नाहीस, म्हणून मी तिच्यावरच खेकसले.

ती हसली. "अगं, येशील तवा बघ, म्हनलं हुतं म्या. तू तवाच धाडलास."

तवा म्हणजे तेव्हा. याच बोलीत मी वाढले. आणि आता पोरांच्या तोंडून असा 'तवा' निघाला की 'तेव्हा म्हण' म्हणून मीच डोळे वटारते. दोष कुकरला देता आला असता. पण हात दुखतोय, हे तर मी शिट्टीच्या आधीच ऐकलं होतं.

मी गॅस बंद केला. "आलेय न्हवं आता," म्हटलं. "दाव हात."

तिने सुजलेला उजवा पदराआड घेतला आणि पटकन डावा पुढे केला.