पोथी अर्धी ठेवू नये

दिगंबर गेल्याचं त्याच्या लेकीनं पूर्णेहून फोनवर सांगितलं आणि रडत रडतच विचारलं, ‘‘काका, शेवटचं प्रकरण राहिलंय... आता कोण वाचणार?’’ बापाचीच लेक!

दिगंबर आणि मी झरीजवळच्या एकाच गावचे, वरच्या गल्लीचे. शेतरस्त्यावरून वरच्या आणि खालच्या गल्लीचं भांडण पेटलं, तेव्हा खालच्या गल्लीतल्या गयाबाईंची कडब्याची गंजी कुणीतरी जाळली. वैरणीअभावी त्यांना बैल विकावे लागले. जाळणारा कोण, ते दिगंबरनं घराच्या माळवदावरून पाहिलं होतं. तो गप्प बसला. दोन्ही गल्ल्यांनी एकमेकांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. पुढे तो रेल्वेत लागला आणि गावाला यायचंच टाळू लागला. मी चिडवायचो, ‘‘साऱ्या देशाच्या गाड्या सोडतोस, गावची तेवढी चुकते तुझी!’’ तो हसायचा नाही.

निवृत्तीनंतर त्यानं हे सगळं कादंबरीत लिहिलं. ‘गावची अब्रू वेशीवर टांगली’ म्हणून वरची गल्ली खवळली. यावर या पठ्ठ्यानं काय करावं? श्रावणात महादेवाच्या देवळात ठवणीवर पोथी मांडतात, तशी कादंबरी मांडली आणि म्हणाला, ‘‘मी वाचतो. खोटं असंल तिथं थांबवा.’’ दोन्ही गल्ल्यांतले लोक आले ते भांडायलाच. पण देवळात वाचायला घेतलेलं अर्धं सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग रोज येणं आलंच.

आगीच्या प्रकरणात माळवदावर एक पोरगा होता, सगळं बघून गप्प बसलेला. गयाबाईंनी वाचन थांबवलं.

‘‘त्यो पोरगा कोन रं, दिगू?’’

‘‘मीच, मावशी.’’

मला वाटलं, आता म्हातारी उठून जाणार... पण त्या सरकून ठवणीच्या आणखी जवळ बसल्या.

‘‘लय उशीर केलास. वाच फुडं. पोथी अर्धी ठिवू न्हाई.’’

दुसऱ्या दिवशी ठवणीजवळ वाचणाऱ्यासाठी पाण्याचा तांब्या होता, गयाबाईंच्या घरचा. दिगंबर तो घटाघटा प्यायला. पुढे एकच प्रकरण उरलं असताना पूर्णेला घरी गेला, तो तिथेच वारला. दुःखाआधी मला त्याचा रागच आला. समाप्तीआधी असं जातं का कुणी?

समाप्ती मागच्या सोमवारी झाली. लेकीनं वाचायला घेतलं, तिचा आवाज फुटेना, तेव्हा गयाबाईंच्या नातसुनेनं पुढचं वाचलं. तांब्या ठवणीजवळ तसाच भरलेला होता. गयाबाईंनी तो उचलला आणि आम्हा वरच्या गल्लीवाल्यांपुढे आल्या.

‘‘दिगूच्या वाटचं हाय. सांडू नगासा.’’

मी ओंजळ पुढे केली.