एकशे सात मुतखडे

१२ मार्च, मंगळवार. शिंप्याकडून उशांचे अभ्रे आले, दोन आखूड. भाऊजी अकरालाच घरी परतले, डबा न उघडता. म्हणाले, "वहिनी, मी आजारी आहे म्हणे. गेली एकोणीस वर्षं."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात फिटर आहेत. मैल्याचा गाळ आंबवल्यावर त्याचं पाणी ज्या पाइपांतून जातं, त्यांत पांढरे टणक खडे धरतात. पाइप तुंबले की भाऊजी छिन्नी-हातोडी घेऊन खडे फोडायला बसत. माणसाच्या पोटात होतो त्यातलाच हा प्रकार, म्हणून केंद्रात सगळे त्याला मुतखडाच म्हणतात. भाऊजींनी नोंदवहीतही दर वेळी तेच लिहिलं: "आज मुतखडा काढला. चार तास लागले. फार त्रास झाला."

इतकी वर्षं हे खडे टोपल्या भरभरून कचऱ्यात गेले. आता वरच्या साहेबांना समजलं की त्यांत पिकाला लागणारा फॉस्फरस आहे. लगेच एक उंच टाकी आली. तिच्यात तेच खडे मुद्दाम धरवायचे आणि खत म्हणून पोत्यांत भरायचे. टाकीवर एकच फिटर घेणार होते. भाऊजींचा त्या जागेवर जीव होता. ती हुकली तर निवृत्तीपर्यंत गोदामात नटबोल्ट निवडत बसायचं.

मुख्य कार्यालयातल्या बाईंनी जुन्या नोंदवह्या चाळून शेरा मारला: "मुतखडा, एकशे सात वेळा. टाकीच्या कामास अपात्र."

"अहो, पण तो पाइपातला, हे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. म्हणाल्या, काका, दुखणं लपवू नये."

केंद्राच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले. भाऊजी डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावतात, हे मला ठाऊक. तपासण्या झाल्या. पोटात खडा नव्हताच. तो कागद घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला.

"एकही नाही? मग एकशे सात गेले कुठे?"

"कचऱ्यात," भाऊजी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. नोंद झालेला आजार खोडता येत नाही, फार तर बरा करता येतो, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, मग करा बरा. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याच कागदावर लिहून दिलं: "रोग पूर्ण बरा. यापुढे खडा होऊ देऊ नये."

आज, २२ तारखेला, नेमणुकीचं पत्र आलं. वर डॉक्टरांची ताकीद टाचलेली, खाली हुकूम: रोज किमान चाळीस किलो खडा तयार करावा. भाऊजींनी पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "वहिनी, यातलं नेमकं काय पाळू?"

"खालचं," मी म्हटलं. "पगार त्याचा मिळतो."

उद्यापासून भाऊजींची पाळी सकाळी सहाची. दूधवाल्याला पाचला यायला सांगितलं. जमणार नाही म्हणाला.