मधल्या तावदानातला वर्ग

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी भाजी घेऊन आमच्या इमारतीचा जिना चढत होते. "काकी, आई गेली," ती म्हणाली. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि तिथेच बसले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर अंगात पहिल्यांदा भरून आला तो थकवा... सुमनताईंचं डायलिसिस बराच काळ चाललं होतं. ठरलेल्या दिवशी रिक्षा बोलवायची, दवाखान्यातल्या त्या थंडगार खोलीबाहेर बाकावर बसायचं, आणि परत येताना त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं असायचं. घरातले सगळेच दमले होते. त्या आमच्या सगळ्यांच्या आधी दमल्या होत्या, फक्त बोलून दाखवत नव्हत्या. आता दिवसकार्य होऊन काही आठवडे झालेत, तरी ठरलेल्या वारी सकाळी मी उठते, घाईघाईने पोळ्या उरकते, आणि मग लक्षात येतं की आज कुठे जायचं नाही.

सुमनताई माझ्या मोठ्या जाऊबाई. मी लग्न होऊन भिवंडीजवळच्या अंजूर गावात आले तेव्हा घरामागे भातशेती होती आणि तिच्यापलीकडे खाडी. आता जिकडे बघाल तिकडे गोदामांचे पत्रे. मी भिवंडीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचे, सकाळीच बाहेर पडायचे. माझा नितीन त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्यांची ज्योती सगळ्यात मोठी, मग महेश, मग माझा नितीन. तिघांची वेणीफणी, डबे, दप्तरं त्याच बघायच्या. मी शिक्षिका असूनही माझ्या मुलाची शाळा खऱ्या अर्थाने त्यांनीच सांभाळली, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे.

शाळेत वर्षातून एकदा फोटोवाला येतो. निळा पडदा लावायचा, स्टुलावर एकेकाला बसवायचं. एकच टाय अख्ख्या वर्गाच्या गळ्यातून फिरायचा. फोटो घरी आले की इतर घरांत ते ट्रंकेत जायचे किंवा आरशाच्या कडेला खोचले जायचे. खाडीची हवा अशी की दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर बुरशीचे डाग पडत. सुमनताईंना ते सहन होत नसे. एका उन्हाळ्यात घराच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचा बसवल्या, तेव्हा त्यांनी एक झडप सुताराला देऊ दिली नाही. तीन तावदानांची उभी झडप होती ती. तिला मागून पातळ प्लायवूड आणि बारीक कड्या लावून घेतल्या, घासूनपुसून रंग दिला आणि माजघरातल्या आतल्या भिंतीवर टांगली. बाहेरच्या भिंतीला ओल धरते म्हणून तिथे नाही. वरच्या तावदानात ज्योती, मधल्यात महेश, खालच्यात नितीन. दर वर्षी नवा फोटो पुढे लागायचा, जुने त्याच्याच मागे ओळीने राहायचे. फोटो काचेला चिकटू नये म्हणून कडेने पुठ्ठ्याच्या पट्ट्या असत. भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, राहनाळच्या एका गोदामात वॉचमन होते. बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या ते खिशात घालून आणायचे आणि ताई त्या फोटोंच्या मागे ठेवायच्या. पाहुणे आले की मागच्या कड्या उघडून एकेका पोराची सगळी वर्षं पत्त्यांसारखी चटईवर मांडून दाखवायच्या. "बघा, पैल्या वर्साला कसा रडका व्हता. आन् आता बघा."

महेश सातवीत असताना तापाने गेला. साधा ताप म्हणून गावात औषध दिलं, मग भिवंडीला हलवलं, मग ठाण्याला. तिथून तो परत आला नाही. त्या दिवसांबद्दल मला आजही फारसं लिहिता येत नाही... पुढे काय झालं ते सांगते. आजारी पडण्याच्या थोडेच दिवस आधी त्याच्या शाळेत फोटो काढले होते. ते छापून आले तेव्हा महेश नव्हता. त्याच्या वर्गाच्या बाई स्वतः पाकीट घेऊन अंजूरला आल्या. ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या, पण पाकीट पर्समधून काढवेना. शेवटी ताईच म्हणाल्या, "बाई, फोटू आणलाव ना? द्या." त्यांनी तो हातात घेतला, बघितला आणि म्हणाल्या, "टाय वाकडा हाय." मग आत गेल्या आणि मधल्या तावदानात सहावीच्या फोटोपुढे तो लावून आल्या. बाई ओटीवरच रडत बसल्या होत्या. ताईंनी त्यांना चहा करून दिला.

भाऊजींचं म्हणणं वेगळं होतं. तो फोटो मोठा करून घ्यावा, चांगल्या चौकटीत घालावा आणि देवघराशेजारी, सासूसासऱ्यांच्या फोटोंच्या ओळीत हार घालून लावावा. रीत तशीच आहे, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ताई हटल्या नाहीत. "शालेचा फोटू हाय तो. शालेच्या फोटूत राहूंदे." भाऊजी चिडले, मग गप्प झाले. त्या घरात बरेच महिने दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. रात्रपाळी मागून घेऊन भाऊजी गोदामातच जास्त राहू लागले. माजघरातून जाताना ते त्या भिंतीकडे बघत नसत.

पुढच्या वर्षी पुन्हा फोटो आले. ज्योतीचा लागला, नितीनचा लागला. मधलं तावदान तसंच राहिलं. दोन-तीन दिवसांनी ताई मला म्हणाल्या, "मीना, उद्या मला तुझ्यासंगती भिवंडीला यायचंय." मला वाटलं बाजाराचं काही असेल. रिक्षातून उतरल्यावर त्या सरळ महेशच्या हायस्कुलात गेल्या आणि ऑफिसात उभ्या राहून म्हणाल्या, "आठवी ब चा वर्गाचा फोटू पाह्यजे." कारकुनाने विचारलं, तुमचा मुलगा कोणता? ताई म्हणाल्या, "त्यात न्हाय तो." कारकून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा तो आत गेला आणि फोटो घेऊन आला.

तो सामुदायिक फोटो होता. खाली बसलेली मुलं, मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, मागे उभ्या रांगा. ताईंनी तो मधल्या तावदानात लावला. महेशचे फोटो त्याच्या मागे गेले. त्या संध्याकाळी भाऊजी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "जो न्हाय त्याचा फोटू कशाला आणलास? लोकं येडी म्हनतील तुला."

"म्हनूंदेत. त्याचा वर्ग हाय तो. पोरं वर चढली का न्हाय ते बघाया नको?"

मला स्वतःला तेव्हा काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. भीती वाटली, की ही बाई आता यातच अडकून बसणार. पण तसं झालं नाही. त्या स्वयंपाक करत होत्या, ज्योतीला दहावीचा अभ्यास करायला लावत होत्या, नितीनला रागवत होत्या. फक्त अधूनमधून, केर काढताना, मधल्या तावदानापाशी थांबून एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या. "ही पोर किती वाढली... याला चष्मा लागला वाटतं."

त्यानंतर एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं. भांडी, गाद्या, तांदळाचं पिंप, सगळं तरंगत होतं. ताईंनी झडप भिंतीवरून काढली आणि माळ्यावर तिला धरून बसल्या. तरी वरून कौलांतून गळत होतंच. पाणी ओसरल्यावर कड्या उघडल्या, तर मागचे फोटो एकमेकांना घट्ट चिकटलेले. मी एक सोडवायला गेले तशा त्या ओरडल्या, "वढू नको मीना! तोंड निघल त्याचं!" त्यांनी परातीत पावसाचं धरलेलं स्वच्छ पाणी घेतलं, फोटो त्यात बुडवले आणि बसून राहिल्या. पाणी आत शिरलं तसे ते आपोआप सुटत गेले. मग घरात दोरी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी कडेला धरून, सावलीत वाळत घातले. बाहेर गावभर चिखल होता, प्यायला पाणी मिळत नव्हतं, आणि आमच्या माजघरात तीन पोरं दोरीवर टांगलेली. महेशच्या शेवटच्या फोटोतला एक खांदा आणि तो वाकडा टाय गेला. चेहरा राहिला. भाऊजी दारात उभे होते. ते आत आले नाहीत, पण बाहेर चूल पेटवून त्यांनी पाणी तापवलं आणि दोघींना चहा दिला.

महेशचा वर्ग दहावीत गेला त्या वर्षी ताईंना फोटो मागायला शाळेत जावं लागलं नाही. महेशच्या वर्गातली दोन-तीन मुलं सायकलवरून अंजूरला आली. त्यांतला शकील भिवंडीतल्या निजामपुऱ्यातला, त्याच्या वडिलांचे कापड विणायचे चार लूम होते. तो पुढे होऊन म्हणाला, "काकी, परवा आमचा शेवटचा ग्रुप फोटो आहे. तुम्ही यायचं. सरांना विचारलंय आम्ही."

ताई गडबडल्या. "मी? मी काय म्हनून येऊ?"

"महेशची आई म्हणून. दर साल तुम्ही फोटो न्यायला येता, आम्हाला मालूम आहे."

त्या गेल्या. लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसल्या आणि मी सोबत गेले. सरांनी त्यांना शिक्षकांच्या रांगेत खुर्ची दिली. त्या काठावर टेकल्यासारख्या बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोटोवाला म्हणाला, "मावशी, इकडे बघा," तर त्या मान वळवून मागच्या पोरांकडे बघत होत्या. दोनदा सांगावं लागलं. तो फोटो मधल्या तावदानात लागला आणि मग तिथेच राहिला. त्यानंतर नवा फोटो येणार नव्हता.

वर्षं गेली. ज्योती लग्न होऊन पुण्याला गेली, आम्ही नितीनच्या कॉलेजसाठी भिवंडीत फ्लॅट घेतला. नातवंडांचे शाळेतले फोटो आता मोबाईलवर येतात. ज्योती म्हणायची, "आई, सगळे स्कॅन करून देते, भिंतीवर कशाला ठेवतेस?" ताई हो म्हणायच्या आणि डायलिसिसहून परतताना मला रिक्षा निजामपुऱ्यातल्या स्टुडिओपाशी थांबवायला लावायच्या. पाय ओढत आत जाऊन नातीचा फोटो कागदावर काढून घ्यायच्या. "फोनातला फोटू मला सापडत न्हाय गं," एवढंच म्हणायच्या. शेवटच्या वेळी त्यांना उतरवलंही नाही. मी आत जाऊन फोटो घेऊन आले, त्या रिक्षात डोळे मिटून बसल्या होत्या. पाकीट हातात दिलं तर उघडून बघितलं नाही, नुसतं पदराखाली धरून ठेवलं.

त्या गेल्यावर बाराव्यासाठी फोटो हवा होता. तेव्हा कळलं की सगळ्यांचे फोटो जपणाऱ्या या बाईचा स्वतःचा एकही धड फोटो नाही. आधार कार्डावरचा ओळखू येत नव्हता. मोबाईलमधले सगळे आजारपणातले. ज्योतीने झडप खाली काढली आणि दहावीचा तो फोटो बाहेर घेतला. "काकी, यातली आई किती छान आहे. स्टुडिओवाला तिला एकटीला कापून मोठी करून देईल. बाकीची मुलं कॉम्प्युटरवर काढून टाकता येतात."

भाऊजी कोपऱ्यात पलंगावर बसले होते. गेले अकरा दिवस ते जवळजवळ बोललेच नव्हते. ते म्हणाले, "कापू नको. अख्खा ठेव."

"पण बाबा, एवढ्या मुलांना हार घालायचा का?"

"हार नको. नुसता ठेव."

तसाच ठेवला. एका स्टुलावर, अख्खा वर्ग. गावातले लोक यायचे, नमस्कार करताना गोंधळायचे, नेमकं कोणाला करायचा म्हणून. दुपारी शकील आला. आता तो चाळिशीकडे झुकलेला आहे, कपाळावरचे केस विरळ झालेत. लूम विकले, आता निजामपुऱ्यात कपड्याचा धंदा करतो. फोटोसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग भाऊजी पलंगावरून उठले, त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले आणि विचारलं, "ही सगली पोरं आता कुठं हायेत?"

शकील एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगू लागला. ही नर्स झाली, हा दुबईला, हा बँकेत, हा गेल्या वर्षी ॲक्सिडेंटमध्ये गेला. भाऊजी वाकून बघत होते. त्या फोटोकडे ते इतक्या जवळून कधी गेले असतील असं मला वाटत नाही. सगळी नावं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आन् महेश? तो कुठं बसला असता?"

शकील थोडा घुटमळला. "आम्हाला उंचीप्रमाणे लावायचे, काका. महेश छोटा होता ना... सातवीत तो सगळ्यात पुढे, खाली बसायचा."

"न्हाय," भाऊजी म्हणाले. "आमच्या घरातली पोरं उशिरा वाढतात. नववी-दहावीत एकदम. मी पन तसाच वाढलो. तो मागं उभा असता."

शकीलने फोटोतली मागची रांग डावीकडून उजवीकडे नीट बघितली. तिच्या टोकाला तो स्वतः उभा होता, सडपातळ, मिशी फुटू लागलेला.

"मग माझ्या बाजूला," तो म्हणाला.

भाऊजींनी मान डोलावली आणि ते तिथेच, स्टुलासमोर, जमिनीवर बसले.