इमानी सालदाराची गोष्ट

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वेस्ताला ओळखत नाही. आणि मला तो अलीकडे रोज दिसतो.

साठच्या दशकात मी शहाद्याला इंग्रजी शिकवायचो. धड्यात 'लॉयल' हा शब्द आला की पुस्तक मिटून एक गोष्ट सांगायचो. तापीकाठच्या प्रकाशा गावी एका पाटलाकडे वेस्ता नावाचा सालदार होता, वर्षाच्या बोलीनं राहिलेला भिल गडी. पाटलाच्या मुलाच्या हातून आग लागली, शेजाऱ्याचं खळं जळालं, आणि वेस्तानं पुढे होऊन आळ स्वतःवर घेतला. 'या घराचं मीठ खाल्लंय,' असं तो पंचांना म्हणाला. दरवर्षी गोष्ट थोडी आणखी सुंदर व्हायची.

तो मुलगा मी — हे मी सांगत नसे. पण खरं लपवलेलं ते नाही. वेस्ता पुढे झालाच नव्हता.

चैत्रातली दुपार. कॉलेज संपवून मी नुकता घरी आलो होतो. शेती मलाही कळते, हे वडिलांना, अण्णांना, दाखवायचं होतं. ऊस तोडलेल्या वावरातलं पाचट मी पेटवलं. वारा होता. ठिणग्या शेजारच्या सुकदेव आबांच्या खळ्यात गेल्या आणि ज्वारीचा कडबा धडधडला. वेस्ता तेव्हा तापीवर बैल धूत होता. धूर पाहून तो ओल्या धोतरानं धावत आला, आबांचा बांधलेला बैल त्यानं ओढून काढला. दावं जळत होतं. त्याचे दोन्ही तळवे भाजले.

लोक जमले तेव्हा सगळ्यांना दिसले ते हे तळवे.

"पाटील, तुन्हा सालदारनी मन्हा खळानी होळी करी टाकी," आबा म्हणाले.

अण्णा माझ्याकडे वळले. "कोणी लाई आग?"

मला कुणी धमकावलं होतं का? नाही. मी म्हटलं, "वेस्तानी."

वेस्तानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आखाजीला सालदाराचं साल संपतं, वर्षाचं धान्य हाती येतं, नवी बोली होते. अशा वेळी मालकाच्या मुलाला खोटं ठरवून तो कुठे जाणार होता? हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच —

दुसऱ्या सकाळी तो गोठ्यात भेटला. हातांना चिंध्या बांधलेल्या. "भाऊ, तू सांगशी ना अण्णाले? मन्हा भरोसा शे तुन्हावर."

मी हो म्हटलं.

पुढे एका वर्षी वर्गात मिरवायला म्हणून शब्दांची कुळं शोधत बसलो. 'लॉयल' जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याच्याही मागे लॅटिनमधला कायदा. कायद्याला धरून राहणारा तो लॉयल. आपलं 'इमान' अरबी. अर्थ, विश्वास. 'अनामत'ही त्याच घरातला: विश्वासानं दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू. तिथे माझं बोट थांबलं. विश्वास कुणी ठेवला होता? कुणाच्या हवाली? मग इतकी वर्षं वेस्ताला इमानी म्हणत मी काय झाकत होतो?

तरी पुढच्या वर्षी तीच गोष्ट सांगितली.

आणि एक उरलंय. अण्णांनी रागानं त्याला काढलं, असं मी घरात सांगत आलो. ते खोटं आहे. आखाजीच्या सकाळी वेस्ता आमच्या ओट्याखाली बसला होता, बोलावणं येईल म्हणून. अण्णांचा राग कधीच निवला होता. आत येऊन त्यांनी मलाच विचारलं, "वेस्ताले ठेवाना का? मानूस चांगला शे."

ते हात मला वर्षभर डोळ्यांसमोर नको होते. मी म्हटलं, "नको."

अण्णांनी बाहेर जाऊन त्याला सांगितलं. मी दाराआडून ऐकत होतो. मग त्याचा आवाज आला, "भाऊ घरमा शे का?"

"शे," अण्णा म्हणाले.

मी बाहेर गेलो नाही.